न्यूरॉलॉजिस्ट ठरवायच्या आधी सरकारी डेटा कसा वाचायचा: मेडिकेअरची बिलं, औषधं आणि कंपन्यांनी दिलेले पैसे

अमेरिकेत आई-बाबांसाठी न्यूरॉलॉजिस्ट शोधायची वेळ आली की आपण सगळे एकच करतो, गूगलचे स्टार बघतो, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "एडिसनच्या आसपास कोणी चांगला न्यूरो माहितीये का" असं टाकतो, दोन-तीन नावं येतात आणि त्यातला जो आपल्या इन्शुरन्समध्ये बसतो त्याची अपॉइंटमेंट घेतो. स्टार देणारे लोक बहुतेक वेळा वेटिंग रूम, फोन उचलणारी बाई आणि डॉक्टर हसून बोलला का याबद्दल लिहितात. तो वर्षभरात नक्की कुठले पेशंट बघतो, कुठल्या टेस्ट करतो, कुठली औषधं लिहितो आणि त्या औषधांच्या कंपन्या त्याला पैसे देतात का, हे तिथं कळत नाही. ते कळायची सोय मात्र अमेरिकेत आहे, फुकट आहे, सरकारी आहे आणि डॉक्टरच्या नावानिशी आहे. आपल्यातल्या फारच कमी लोकांना ती माहीत आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

न्यूरॉलॉजीसाठी हा डेटा विशेष कामाचा आहे असं माझं ठाम मत आहे. पार्किन्सन्स, एपिलेप्सी, मायग्रेन, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), डिमेन्शिया हे वर्षानुवर्षं चालणारे आजार, त्यात जुनी स्वस्त जेनेरिक औषधं पण आहेत आणि वर्षाला हजारो डॉलरची नवी ब्रँडेड औषधं पण आहेत, आणि कुठलं द्यायचं हे बऱ्याचदा डॉक्टरच्या मतावर असतं. जिथं निर्णय मतावर असतो तिथं ते मत कशानं बनतं हे बघायचा पेशंटला हक्क आहे.

आधी एनपीआय नंबर काढा

प्रत्येक डॉक्टरला दहा आकडी एनपीआय नंबर असतो आणि तो सीएमएस म्हणजे मेडिकेअर (मुख्यतः ६५ च्या वरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या एनपीआय रजिस्ट्रीवर नाव आणि राज्य टाकलं की मिळतो. ही पायरी गाळू नका, कारण पटेल, शाह, कुलकर्णी, देशपांडे या आडनावांचे एकाच राज्यात एकाच आद्याक्षराचे दोन-तीन डॉक्टर सहज सापडतात, आणि डॉक्टर बाईंचं लग्नाआधीचं नाव एका ठिकाणी आणि नंतरचं दुसऱ्या ठिकाणी असं पण असतं. चुकीच्या माणसाचे पैसे भलत्याच्या नावावर लावून मत बनवणं हा त्या डॉक्टरवर अन्याय आहे आणि तुमचं पण नुकसान आहे. नंबर मिळाला की पत्ता आणि स्पेशालिटी ताडून बघा, फक्त रजिस्ट्रीतली स्पेशालिटी डॉक्टरनं स्वतः भरलेली असते, त्यामुळं तेवढ्यावरून तो बोर्ड सर्टिफाइड आहे असं धरू नका. ते वेगळं बघायचं असतं, खाली येतंय.

कंपन्यांचे पैसे: ओपन पेमेंट्स

२०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टमध्ये सनशाइन ॲक्ट नावाचा भाग आहे, सिनेटर चक ग्रासली आणि हर्ब कोल यांनी तो लावून धरला होता. त्यामुळं औषध आणि उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांना डॉक्टरला दिलेला जवळजवळ प्रत्येक डॉलर सरकारला कळवावा लागतो. ऑगस्ट २०१३ पासून नोंदी सुरू झाल्या, पहिला डेटा ३० सप्टेंबर २०१४ ला बाहेर आला, आणि आता दरवर्षी ३० जूनपर्यंत मागच्या वर्षाचा डेटा येतो. २०२१ च्या डेटापासून नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट पण यात आहेत, आणि हे महत्त्वाचं आहे कारण हल्ली न्यूरोच्या क्लिनिकमध्ये फॉलो-अपला बऱ्याचदा तेच भेटतात, तर त्यांचं नाव पण टाकून बघा.

सर्चमध्ये "ओपन पेमेंट्स सीएमएस" टाकलं की साइट येते, तिथं नाव टाकायचं. पानावर एक मोठी एकूण रक्कम दिसते आणि बहुतेक लोक ती बघूनच मत बनवतात. तसं करू नका. पैशांचे तीन वेगळे कप्पे असतात, जनरल, रिसर्च आणि कंपनीतली मालकी किंवा गुंतवणूक, आणि या तिन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा आहे.

रिसर्चचा आकडा बरेचदा प्रचंड असतो, लाखो डॉलर, आणि बघणारा दचकतो. पण हे पैसे सहसा हॉस्पिटल किंवा युनिव्हर्सिटीला मिळतात, क्लिनिकल ट्रायल चालवायला, आणि डॉक्टर त्या ट्रायलचा मुख्य संशोधक असल्यामुळं त्याच्या नावाशी जोडलेले दिसतात. अल्झायमर्स किंवा एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार) च्या पेशंटसाठी ट्रायल चालवणारा डॉक्टर म्हणजे उलट चांगली गोष्ट असू शकते. ट्रायलमध्ये आहे म्हणजे हितसंबंध शून्य असं नाही, पण खिशात गेलेले पैसे आणि ट्रायलचं बजेट एकाच तराजूत घालू नका.

जनरलच्या कप्प्यात खरं वाचायचं. प्रत्येक नोंदीत कंपनी, तारीख, रक्कम, कशासाठी दिले आणि कुठल्या औषधाशी किंवा उपकरणाशी संबंधित आहेत हे असतं. जेवणाच्या नोंदी जवळजवळ सगळ्यांच्या असतात, १५ डॉलर, २२ डॉलर, कंपनीचा प्रतिनिधी ऑफिसात लंच घेऊन येतो आणि स्टाफबरोबर डॉक्टरच्या नावावर पण वाटा पडतो. अगदी किरकोळ रकमा कळवायची सक्ती नसते, सुरुवातीला ती मर्यादा एकावेळी १० डॉलर आणि वर्षाला एकूण १०० डॉलर होती, आता महागाईप्रमाणे थोडी वाढत जाते. वर्षाला दोन-तीनशे डॉलरची जेवणं बघून डॉक्टर नाकारू नका. पण जेवण म्हणजे काहीच नाही असं पण नाही हं, २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात सरासरी २० डॉलरपेक्षा कमी किमतीचं एकच जेवण घेतलेले डॉक्टर पण ते ब्रँडेड औषध जास्त लिहिताना दिसले होते. तो अभ्यास संबंध दाखवतो, जेवणामुळंच लिहिलं हे सिद्ध करत नाही, तरी जेवणं एकाच कंपनीची आणि एकाच औषधाची वारंवार दिसली तर नोंद करून ठेवा.

माझं सगळ्यात जास्त लक्ष एका ओळीवर असतं. तिचं नाव लांबलचक आहे, कन्सल्टिंग सोडून इतर सेवांचा मोबदला, ज्यात सतत-शिक्षणाचे कार्यक्रम सोडून इतर ठिकाणी वक्ता म्हणून बोलणं येतं. साध्या भाषेत ही स्पीकर फी. कंपनी एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये डिनर ठेवते, डॉक्टर कंपनीनं मंजूर केलेल्या स्लाइड दाखवून कंपनीच्या औषधाबद्दल इतर डॉक्टरांना सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलनी १६ नोव्हेंबर २०२० ला या स्पीकर प्रोग्रॅमबद्दल खास इशारा काढला होता, की अशा कार्यक्रमांत शिकवण्यासारखं नवीन थोडं आणि दारू-जेवण जास्त असेल, तेच तेच डॉक्टर परत परत येत असतील, आणि ज्यांनी जास्त प्रिस्क्रिप्शन लिहिली त्यांनाच बोलायला बोलावलं जात असेल, तर त्यात लाच असू शकते.

आणि ही नुसती शंका नाहीये, न्यूरॉलॉजीतच हे झालेलं आहे. बायोजेननं सप्टेंबर २०२२ मध्ये ९० कोटी डॉलर देऊन खटला मिटवला, आरोप असा होता की एव्होनेक्स, टायसाब्री आणि टेकफिडेरा ही एमएसची औषधं लिहावीत म्हणून डॉक्टरांना स्पीकर आणि कन्सल्टंट म्हणून पैसे दिले, आणि ही केस कंपनीच्याच एका माजी कर्मचाऱ्यानं लावून धरली होती. टेव्हानं जानेवारी २०२० मध्ये कोपॅक्सोन आणि अझिलेक्टच्या स्पीकर कार्यक्रमांवरून ५.४ कोटी डॉलर दिले. मायग्रेनच्या नर्टेकवरून जानेवारी २०२५ मध्ये फायझरनं जवळपास ६ कोटी डॉलर दिले, तो आरोप बायोहेवन या कंपनीच्या वागण्याबद्दल होता जी फायझरनं नंतर विकत घेतली. अव्हानिरनं २०१९ मध्ये न्यूडेक्स्टावरून ९.५ कोटींच्या वर भरले, त्यात नर्सिंग होममधल्या डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटना ते औषध जावं म्हणून केलेला प्रचार पण होता. सेटलमेंट म्हणजे कंपनीनं गुन्हा कबूल केला असं दर वेळी नसतं, पण तुमच्या डॉक्टरच्या पानावर या प्रकारची मोठी रक्कम वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडून येताना दिसली तर ती का महत्त्वाची आहे ते यावरून लक्षात येईल.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथं २०१८ पासून राज्याचा नियम आहे की औषध कंपन्यांकडून प्रचाराची भाषणं, सल्लागार मंडळं आणि कन्सल्टिंग मिळून डॉक्टरला वर्षाला १०,००० डॉलरच्या वर घेता येत नाहीत, रिसर्च त्यात येत नाही. त्यामुळं जर्सीतला डॉक्टर आणि नदीपलीकडचा न्यूयॉर्कमधला डॉक्टर यांचे आकडे शेजारी ठेवताना हे लक्षात असू द्या.

डॉक्टरांना स्वतःच्या नोंदी तपासून हरकत घ्यायला प्रसिद्धीच्या आधी ४५ दिवस मिळतात, आणि वाद चालू असेल तर नोंदीवर तसं लिहिलेलं असतं. तेवढी ओळ धरू नका.

औषधं: पार्ट डी चा डेटा

आता डेटा डॉट सीएमएस डॉट जीओव्ही वर जा. तिथं मेडिकेअर पार्ट डी (मेडिकेअरचा औषधांचा विमा) प्रिस्क्रायबर्सचे डेटासेट आहेत, त्यातला "बाय प्रोव्हायडर अँड ड्रग" वाला उघडा, वर्ष निवडा, फिल्टरमध्ये एनपीआय टाका. डॉक्टरनं लिहिलेलं एकेक औषध ब्रँड नावासकट, किती क्लेम (म्हणजे किती वेळा ते औषध घेतलं गेलं), किती पेशंट, एकूण किती खर्च, सगळं येतं. सीएसव्ही उतरवून गूगल शीट्समध्ये टाका आणि खर्चाप्रमाणे सॉर्ट करा, मग क्लेमप्रमाणे सॉर्ट करा. या दोन यादींत वर कोण कोण आहे ते बघितलं की डॉक्टरचं क्लिनिक डोळ्यांसमोर उभं राहतं, खरंच. कार्बिडोपा-लेव्होडोपा सगळ्यात वर म्हणजे पार्किन्सन्सचे बरेच पेशंट, डोनेपेझिल आणि मेमँटिन म्हणजे डिमेन्शिया, लेव्हेटिरासेटॅम आणि लॅमोट्रिजिन म्हणजे एपिलेप्सी, गाबापेंटिन म्हणजे बहुतेक न्यूरोपथी आणि दुखणी. तुमच्या बाबांना पार्किन्सन्स आहे आणि डॉक्टरच्या यादीत लेव्होडोपाचे क्लेम नावापुरते आहेत, तर तो माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्याकडं म्हातारे पार्किन्सन्सचे पेशंट फारसे येत नाहीत, आणि हे कळणं पैशांच्या माहितीइतकंच मोलाचं आहे.

ब्रँडेड औषध लिहिलं म्हणजे वाईट असं धरू नका. एपिलेप्सीत दोन-तीन औषधांनी फिट थांबत नाहीत अशा पेशंटला एक्सकॉप्री देणं हे चांगल्या सेंटरचं लक्षण असू शकतं. मायग्रेनमध्ये सीजीआरपी नावाच्या प्रोटीनला अडवणारी नवी औषधं, म्हणजे एमोविग, अजोव्ही, एमगॅलिटी, क्युलिप्टा वगैरे, अमेरिकन हेडेक सोसायटीनं २०२४ मध्ये पहिल्या पसंतीचा पर्याय म्हणून मान्य केलीत, त्यामुळं ती यादीत दिसणं स्वाभाविक आहे. बघायचं ते हे की एकाच आजाराची चार-पाच तोडीची औषधं बाजारात असताना याच्या यादीत एकच ब्रँड भरभरून का आहे, आणि तोच ब्रँड ओपन पेमेंट्समध्ये पण दिसतोय का. पार्किन्सन्समध्ये डिस्कायनेशिया म्हणजे अंग आपोआप हलतं त्यासाठी साधं जेनेरिक अमँटाडिन असतं, आणि त्याचंच उशिरा विरघळणारं महागडं ब्रँडेड रूप गोकोव्ही असतं. दोन्ही असतील तर डॉक्टर पेशंट बघून ठरवतोय असं वाटतं. जेनेरिक अजिबात नाही, नुसतं गोकोव्ही, आणि त्या कंपनीकडून पैसे, तर कारण विचारायला हवं.

अॅक्थार जेल हे नाव पण लक्षात ठेवा. जुनं इंजेक्शन, एके काळी ४० डॉलरची बाटली, २००७ मध्ये एका रात्रीत २३,००० च्या पुढं नेली आणि पुढं ३०,००० च्या वर. एमएसच्या रिलॅप्सला, म्हणजे आजार पुन्हा उफाळला की, बहुतेक वेळा शिरेतून स्टेरॉइड देऊन काम भागतं. २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात अॅक्थार वारंवार लिहिणारे २३५ डॉक्टर तपासले, न्यूरॉलॉजिस्ट, रूमॅटॉलॉजिस्ट, नेफ्रॉलॉजिस्ट, आणि त्यातल्या ८८ टक्क्यांना त्या कंपनीकडून रिसर्च सोडून इतर कारणांसाठी पैसे मिळालेले होते. हे औषध कुणाच्या यादीत मोठ्या संख्येनं दिसलं तर मी तरी पुढच्या नावाकडं जाईन.

त्याच साइटवर "बाय प्रोव्हायडर" असा दुसरा सारांश डेटासेट आहे, त्यात ब्रँड आणि जेनेरिकचे एकूण क्लेम आणि ६५ च्या वरच्या पेशंटना लिहिलेली अँटिसायकोटिक्स पण असतात. घरात डिमेन्शियाचा पेशंट असेल तर हा कॉलम नक्की बघा. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक्समुळं मृत्यूचा धोका वाढतो असा एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियंत्रक खात्याचा काळ्या चौकटीतला इशारा २००५ पासून आहे, आणि पार्किन्सन्समध्ये हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांनी हालचाली आणखी बिघडतात. आकडा मोठा असला तरी त्यात क्वेटियापिन किती आणि बाकीची किती हे औषधवार यादीत बघा, कारण पार्किन्सन्सच्या भ्रमांसाठी कमी डोसचं क्वेटियापिन बरेच चांगले डॉक्टर वापरतात.

खर्चाच्या आकड्याबद्दल एकच, त्यात कंपनीनं मागून दिलेले रिबेट वजा नसतात, त्यामुळं खरा खर्च कमी असू शकतो. आणि पार्ट डी मध्ये मेडिकेअर ॲडव्हान्टेजची (खासगी विमा कंपन्यांमार्फत मिळणारं मेडिकेअर) औषधं पण धरलेली असतात, म्हणून हा डेटा पुढच्या बिलांच्या डेटापेक्षा जास्त भरलेला असतो.

बिलं: पार्ट बी चा डेटा

पार्ट बी म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरच्या भेटी आणि टेस्टचा भाग. १९७९ मध्ये फ्लोरिडातल्या कोर्टानं मेडिकेअरनं डॉक्टरांना किती पैसे दिले हे नावानिशी जाहीर करायला बंदी घातली होती, ती २०१३ मध्ये उठली आणि एप्रिल २०१४ मध्ये पहिल्यांदा डेटा बाहेर आला. आता "मेडिकेअर फिजिशियन अँड अदर प्रॅक्टिशनर्स, बाय प्रोव्हायडर अँड सर्व्हिस" या नावानं तो मिळतो, परत एनपीआय टाकून फिल्टर. प्रत्येक ओळीत एक कोड (केलेल्या कामाचा बिलावरचा नंबर), किती पेशंट, किती वेळा, आणि पैसे.

कोड बघून घाबरायचं नाही, न्यूरोसाठी थोडेच लागतात. ९९२०२ ते ९९२०५ नवा पेशंट, ९९२१२ ते ९९२१५ जुना पेशंट. वेळेवर बिल केलं तर ९९२०५ ला किमान ६० मिनिटं, ९९२०४ ला ४५, ९९२१५ ला ४०, ९९२१४ ला ३०, ९९२१३ ला २० लागतात, पण डॉक्टर वेळेऐवजी केस किती गुंतागुंतीची होती त्यावरून पण कोड ठरवू शकतो म्हणून हे घड्याळ नाही, अंदाज आहे. नव्या पेशंटच्या ओळी बऱ्यापैकी आहेत म्हणजे तो नवे पेशंट घेतोय. सर्व्हिस भागिले पेशंट करा, ९९२१४ च्या ३०० भेटी आणि १५० पेशंट म्हणजे त्या कोडच्या माणशी वर्षाला दोन भेटी झाल्या.

९५८१६ आणि ९५८१९ हे साधे ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची टेस्ट), ९५७२० हा लांबचा व्हिडिओ ईईजी, म्हणजे एपिलेप्सीचं गंभीर काम. ९५९०७ ते ९५९१३ हे नर्व्ह कंडक्शन (नसांतून संदेश कसा जातो याची टेस्ट), नंबर वाढेल तशी केलेल्या तपासण्यांची संख्या वाढत जाते, ९५९१३ म्हणजे १३ किंवा जास्त. ९५८८५ आणि ९५८८६ सुईचा ईएमजी (स्नायूंची टेस्ट), आणि हा प्रत्येक हाता-पायासाठी वेगळा लागतो म्हणून सर्व्हिस पेशंटपेक्षा जास्त दिसल्या तर लगेच शंका घेऊ नका. मात्र जवळजवळ प्रत्येकाला ९५९१३ होतंय, किंवा नर्व्ह कंडक्शन खूप आणि सुईचा ईएमजी जवळजवळ नाहीच, तर थांबून बघा. इन्स्पेक्टर जनरलच्या २०१४ च्या अहवालात २०११ च्या बिलांमध्ये याच टेस्टवरून ४,९०१ डॉक्टरांची १३.९ कोटी डॉलरची बिलिंग संशयास्पद निघाली होती, तेव्हा ही जागा मुळातच गैरवापराची आहे.

९५९८३ आणि ९५९८४ हे डीबीएसचं प्रोग्रॅमिंग, मेंदूत बसवलेल्या पेसमेकरचं. पार्किन्सन्स पुढं सरकलाय आणि शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे तर हे कोड ज्याच्या यादीत आहेत तो डॉक्टर शोधा, मला यापेक्षा चांगली खूण माहीत नाही. ६४६१५ म्हणजे क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्स. ९९४८३ म्हणजे स्मरणशक्तीचं नीट मूल्यमापन करून घरच्यांसकट पुढची योजना बनवणं, आणि डिमेन्शियासाठी हा कोड दिसला तर मला मनापासून बरं वाटतं, कारण हे काम वेळखाऊ आहे आणि बरेच लोक करतच नाहीत.

आता सगळ्यात मोठा सापळा. इंग्रजी 'जे' (J) या अक्षरानं सुरू होणारे कोड म्हणजे क्लिनिकमध्ये दिलेली औषधं, आणि त्यांची मोजणी डोसच्या युनिटमध्ये असते. जे०५८५ म्हणजे बोटॉक्सचं एक युनिट. मायग्रेनच्या एका सेशनला ठरलेला डोस १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी, म्हणजे एकाच पेशंटच्या वर्षाला सहाशेच्या वर "सर्व्हिस" दिसतील. एमएसचं ओक्रेलिझुमॅब जे२३५०, एक मिलिग्रॅमला एक, दर सहा महिन्यांनी ६०० मिलिग्रॅम. अल्झायमर्सचं लेकॅनेमॅब जे०१७४, ते पण मिलिग्रॅमवर. त्यामुळं ज्याच्याकडं इन्फ्युजन सेंटर (शिरेतून औषध द्यायची सोय) आहे त्याचं मेडिकेअरकडून आलेलं एकूण उत्पन्न दहा-वीस लाख डॉलर दिसतं आणि लोक म्हणतात बघा किती लुटतोय. त्यातला बहुतांश पैसा औषध विकत घेण्यात जातो, मेडिकेअर औषधाच्या सरासरी विक्री किमतीवर ६ टक्के धरून देते, आणि सिक्वेस्ट्रेशन नावाच्या सक्तीच्या सरकारी कपातीनं ते पण कमी होतात. पण टक्क्यानंच मिळत असल्यामुळं महागड्या औषधाला जास्त सुटतात, आणि म्हणून इन्फ्युजन सुचवलं तर गोळी किंवा घरी घ्यायचं इंजेक्शन चालेल का हा प्रश्न रास्त आहे.

डॉक्टरनं मागितलेली रक्कम आणि मेडिकेअरनं मान्य केलेली रक्कम असे दोन वेगळे कॉलम असतात. मागितलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो, तो सोडून द्या.

तिन्ही एकत्र

समजा दोन काल्पनिक डॉक्टर आहेत, दोघंही पार्किन्सन्स बघतात. पहिल्याला वर्षात ३८,००० डॉलर स्पीकर फी, दोनच कंपन्यांकडून, दोन्ही पार्किन्सन्सच्या ब्रँडच्या, आणि पार्ट डी मध्ये तेच दोन ब्रँड खर्चात सगळ्यात वर, स्वस्त पर्याय जवळजवळ गायब, डीबीएसचा कोड नाही. दुसऱ्याला जनरलमध्ये २४० डॉलरची जेवणं, रिसर्चमध्ये युनिव्हर्सिटीच्या नावावर दोन लाख, लेव्होडोपा भरपूर, ब्रँडेड औषधं पाच-सहा प्रकारची थोडी थोडी, आणि ९५९८३ च्या ओळी. नुसती एकूण रक्कम बघणारा दुसऱ्याला नाकारेल. मी माझ्या वडिलांना दुसऱ्याकडं नेईन. पहिला वाईटच आहे असं मी म्हणत नाही, त्याच्याकडं गेलोच तर एखादं औषध लिहिलं की त्याच्या जागी दुसरं काय चाललं असतं हे विचारल्याशिवाय उठणार नाही.

वर्षं जुळवायला विसरू नका. पेमेंटचा डेटा साधारण सहा महिने मागं असतो, बिलं आणि औषधं दीड-दोन वर्षं मागं. २०२४ चे पैसे आणि २०२२ ची प्रिस्क्रिप्शन जोडून गोष्ट रचू नका, एकाच वर्षाचे तिन्ही घ्या, आणि जमलं तर तीन वर्षांचे, कारण एका वर्षी नवीन औषध आलं म्हणून आकडा फुगू शकतो, सलग तीन वर्षं फुगलेला वेगळा. आणि एकट्या डॉक्टरचं पान बघून काही कळत नाही, त्याच गावातल्या तेच आजार बघणाऱ्या चार-पाच न्यूरॉलॉजिस्टचे आकडे शेजारी ठेवा. एमएसची औषधं लिहिणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टपैकी बहुतेकांना कुठून ना कुठून काही ना काही मिळतंच, त्यामुळं मिळालं का यापेक्षा इतरांच्या मानानं किती आणि कशासाठी हे विचारा.

डेटात काय दिसत नाही

पार्ट बी मध्ये फक्त सरकारी मूळ मेडिकेअर आहे, मेडिकेअर ॲडव्हान्टेज नाही, आणि आता निम्म्याहून जास्त लोक ॲडव्हान्टेजमध्ये आहेत. दहा किंवा त्याहून कमी पेशंट असलेली ओळ गोपनीयतेसाठी काढून टाकलेली असते, म्हणजे कोड दिसला नाही याचा अर्थ तो ते काम करत नाही असा नाही. तरुण पेशंट जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळं पार्किन्सन्स, डिमेन्शिया, स्ट्रोक, न्यूरोपथीसाठी हा डेटा भक्कम आणि तिशीतल्या बहिणीच्या मायग्रेनसाठी किंवा एमएससाठी बराच दुबळा. तसंच नर्स प्रॅक्टिशनरची भेट कधी कधी डॉक्टरच्या नावावर लागते, टीचिंग हॉस्पिटलात रेसिडेंटनं केलेलं काम पण सीनियरच्या नावावर जातं, म्हणून अशक्य वाटणारे मोठे आकडे दिसले तर आधी क्लिनिक कसं चालतं ते विचारा. आणि निदान बरोबर केलं का, पेशंट सुधारला का, यातलं काहीही इथं नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या तपासा. बोर्ड सर्टिफिकेशन, न्यूरॉलॉजीसाठी ते अमेरिकन बोर्ड ऑफ सायकिॲट्री अँड न्यूरॉलॉजी देतं आणि त्यांच्या साइटवर नाव टाकून बघता येतं, एपिलेप्सी किंवा क्लिनिकल न्यूरोफिजिओलॉजीचं वेगळं सर्टिफिकेट असेल तर ते पण कळतं. आणि राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या साइटवर लायसन्स आणि कारवाई झालीय का ते, दोन्ही दहा मिनिटांत होतं.

भारतातल्या नातेवाइकांसाठी असं करता येईल का असं बरेच जण विचारतात. डॉक्टरच्या नावानं शोधता येईल अशी कंपन्यांच्या पैशांची यादी भारतात नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आणली, भेटी आणि सहली देण्यावर बंधनं घातली, पण पेशंटला उघडून बघता येईल असं त्यातून काही मिळत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नोंदणी आणि डिग्री तेवढी तपासता येते, ती जरूर तपासा.

डॉक्टरसमोर कसं बोलायचं

आपल्या लोकांना इथं फार संकोच वाटतो, त्यातून डॉक्टर मराठी निघाले तर आणखीच, घरच्या माणसाला हिशोब विचारल्यासारखं वाटतं. प्रिंटआउट टेबलावर आपटायची गरज नाही. "डॉक्टर, बाबांसाठी हेच औषध का निवडलंत? जेनेरिक आधी करून बघता येईल का? हे लागू पडतंय की नाही हे आपण कधी आणि कशावरून ठरवायचं?" एवढं विचारा. पैशांबद्दल थेट विचारायचं असेल तर "या कंपनीबरोबर तुम्ही काम करता असं ओपन पेमेंट्सवर दिसलं, त्या औषधाबद्दल तुमचा अनुभव काय आहे" असं सरळ, आदरानं विचारा. बरेच डॉक्टर शांतपणे सांगतात, "हो, मी त्यांच्यासाठी बोलतो, मला ते औषध चांगलं वाटतं, पण तुमच्या वडिलांना आत्ता गरज नाही." अशा डॉक्टरवर माझा विश्वास वाढतो. चिडून विषय तोडला तर दुसरं मत घ्या, मेडिकेअर पार्ट बी दुसऱ्या मताचे पैसे इतर भेटींसारखेच देते.

ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांना ६५ पूर्ण आणि इथं सलग पाच वर्षं झाल्यावरच पार्ट बी विकत घेता येतो, त्याआधी ते दुसऱ्या कुठल्यातरी इन्शुरन्सवर असतील, पण डॉक्टर तेच असतात, तेव्हा डेटा तेव्हाही वापरता येतो.

आणि क्रम असा ठेवा. न्यूरॉलॉजिस्टची नव्या पेशंटची तारीख बऱ्याच ठिकाणी काही महिने पुढची मिळते, म्हणून आधी दोन-तीन नावांपैकी जो लवकर मिळेल त्याची अपॉइंटमेंट घेऊन टाका, मग निवांत बसून हा सगळा डेटा बघा, पटलं नाही तर दुसरी तारीख हातात आल्यावरच पहिली रद्द करा. चालू असलेलं औषध मात्र डेटा बघून स्वतःच्या मनानं बंद करू नका, लेव्होडोपा किंवा फिटचं औषध एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, त्याबद्दल आधी डॉक्टरला फोन करा.